भुताला नेमकं काय हवंय? घरी रोलप्लेइंग गेम बनवणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांचा गठ्ठा बघितला तर निम्म्याहून जास्त लोक एकाच जागी अडकलेत: घरच्या घरी फॅन्टसी जग बनवायला घेतलंय, त्यात जादू आहे, आत्मे आहेत, आणि गाडी पुढे जात नाहीये. ज्यांनी हा प्रकार कधी खेळलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गेम मास्टर म्हणजे जीएम, तो जग सांगतो, बाकीचे प्रत्येकी एक कॅरेक्टर चालवतात, कुणी म्हणतं मी दार ढकलते, आणि दार उघडलं का ते फासे ठरवतात. एका बैठकीला सेशन म्हणतात, आणि सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टीला कॅम्पेन. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गेम १९७४ मध्ये छापून आला, तेव्हापासून हेच चाललंय. आता प्रश्न.

प्रश्न: ताई, दहा महिने खपून जग बनवलं, साठ पानं झाली. चार हजार वर्षांचा इतिहास, सात राज्यं, अकरा देव. पहिल्या सेशनला वाचून दाखवायला लागलो तर विसाव्या मिनिटाला एक जण मोबाइल बघत होता आणि दुसऱ्याने विचारलं, "पण आपण आत्ता उभे कुठे आहोत?" माझं काय चुकलं?

त्या दुसऱ्या मुलाला जपून ठेव, त्याने एकदम बरोबर प्रश्न विचारलाय आणि तुझ्या साठ पानांत त्याचंच उत्तर नव्हतं. मी तुला हसत नाहीये, मी स्वतः एकदा तेरा महिन्यांचं कॅलेंडर बनवलं होतं, प्रत्येक महिन्याला वेगळं नाव, वेगळा तारा, दोन चंद्रांच्या ग्रहणांचा तक्ता, आणि ते कॅम्पेन दोन वर्षं चाललं त्यात एकाही प्लेयरने एकदाही "आज तारीख काय?" असं विचारलं नाही. एकदाही नाही. अजून दुखतं.

आता असं कर. एका दिवसात पायी फिरून येता येईल एवढीच जागा घे. एक गाव, त्यात नाव असलेली तीन माणसं, एक आत्मा, आणि आजच्या आज बिघडलेली एक गोष्ट. एवढ्यावर तीन तास सहज निघतात, बऱ्याचदा तर उरतं. साठ पानं फेकू नकोस, पण त्यातली वाक्यं वस्तू होऊन टेबलावर येऊ देत. तुझ्याकडे लिहिलंय की चौथ्या राजाने युद्धासाठी कर लावला. ठीक आहे, मग गावाच्या वेशीवर करवसुलीचा दगड आहे, त्यावर राजाचं तोंड कुणीतरी घासून पुसून टाकलंय, आणि गावातली म्हातारी माणसं येताजाता अजून त्याच्यावर थुंकतात. प्लेयर विचारतील हा कोण? तेव्हा सांग, दोन वाक्यांत. विचारल्यावर सांगितलेला इतिहास लक्षात राहतो, न विचारता सांगितलेला म्हणजे परीक्षेचा पोर्शन.

आणि नकाशात मोकळ्या जागा सोड, मुद्दाम. सुरुवातीला प्रत्येक प्लेयरला एकच प्रश्न विचार: "तुझ्या कॅरेक्टरला लहानपणी कशाला घाबरायला शिकवलं होतं?" चार उत्तरं येतील ना, ते तुझे पहिले चार आत्मे. त्यांनी स्वतः सांगितलेत म्हणजे ते ऐकताना मोबाइल हातात घेणार नाहीत.

प्रश्न: जादूला मॅना पॉइंट द्यावेत की स्पेल स्लॉट, यावरून आमच्या ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. तुमचं मत काय?

माझं मत असं की भांडण चुकीच्या दारात चाललंय. मॅना पॉइंट म्हणजे जादूची शिल्लक, मंत्रागणिक खर्च होणारी, आणि स्पेल स्लॉट म्हणजे दिवसाला ठरवून दिलेल्या मंत्रांच्या जागा; दोन्ही हिशेबाच्या वह्या आहेत, त्या वहीत उधारी कसली लिहिली जातेय ते आधी ठरवा.

जुन्या गेममध्ये बघा, प्रत्येकाने वेगळी किंमत लावलीये. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये मंत्र सकाळी पाठ करायचा आणि म्हटला की डोक्यातून पुसला जायचा, ही कल्पना जॅक व्हान्सच्या १९५० च्या एका पुस्तकातून उचललेली, म्हणजे किंमत काय तर आठवण. कॉल ऑफ क्थुलू १९८१ मध्ये आला, तिथे मंत्र वापरला की तुमचं मानसिक संतुलन कमी होतं, आकड्यात. रूनक्वेस्ट १९७८ चा, त्यात शेतकऱ्यापासून सैनिकापर्यंत जवळपास सगळ्यांकडे थोडीथोडी जादू असते, त्यामुळे जादूगार म्हणून वेगळी जमात उरतच नाही. आणि १९८७ च्या आर्स मॅजिकात तर जादूचं व्याकरणच आहे, पाच क्रियापदं आणि दहा नामं, 'निर्माण कर' अधिक 'आग', 'बदल' अधिक 'प्राणी', अशा पन्नास जोड्या, आणि त्यातून तुम्ही जागच्या जागी मंत्र रचायचा. भाषेची आवड असेल तर यावरून स्वतःचं काहीतरी करून बघाच, मी मराठी क्रियापदं घेऊन केलं होतं, 'भिजव' आणि 'विसर' या दोन क्रियापदांनी प्लेयरनी जो धुमाकूळ घातला तो सांगायला वेगळा अंक लागेल.

तर आधी ठरवा की किंमत काय आणि ती कोण भरतं. ज्याने मंत्र म्हटला तोच भरतो? की दुसरंच कुणीतरी, ज्याला माहीतही नाही? दुसरं उत्तर निवडलंत तर तुमच्या जगात जादूगारांबद्दल आपोआप राग तयार होतो, त्यांच्यासाठी कायदे होतात, लपूनछपून जादू करणारे येतात, तुम्हाला वेगळा इतिहास लिहावाच लागत नाही.

मग प्रत्येक मंत्र गावात नेऊन सोडून बघा. खोटं ओळखणारा मंत्र आहे? मग न्यायनिवाडा कसा होतो, आणि लोक खरं बोलून फसवायला किती तयार झालेत? मेलेल्याला उठवणारा मंत्र आहे? मग बाप तीन वर्षांनी उठून आला तर पोरांनी वाटून घेतलेली जमीन परत द्यायची का, आणि आईने दुसरं लग्न केलं असेल तर? या एका मंत्रावर मी आठ सेशन चालवलीत, एकही तलवार न उपसता. तुमच्या मंत्रामुळे गावात कुणाचाच धंदा बुडत नसेल, कुणाची झोप उडत नसेल, तर तो मंत्र अजून कच्चा आहे.

माझ्या टेबलावरचा नियम सांगते, हवा तर घ्या. साधे सहा बाजूंचे दोन फासे. बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण काहीतरी अंगाशी येतं, ६ किंवा खाली आली तर फसलं आणि पुढे काय होतं ते जीएम सांगतो. ही उतरंड माझी नाही, २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमधून आलेली आहे आणि त्यानंतर कित्येक गेमनी घेतलीये. ३६ शक्यतांपैकी १५ वेळा फसतं, १५ वेळा अर्धवट, ६ वेळा स्वच्छ. म्हणजे शंभरात साधारण ४२ वेळा फजिती. माझी भर पुढे आहे: जादू करताना जवळ एखादा आत्मा असेल तर त्याच्याकडून तिसरा फासा उसना मागता येतो, तिन्ही टाकायचे आणि मोठे दोन धरायचे. आता २१६ पैकी फक्त ४२ वेळा फसतं, म्हणजे शंभरात १९, आणि स्वच्छ यश १७ वरून ३६ वर जातं. मोह होतोच हो, कुणालाही होईल. पण तो तिसरा फासा लाल रंगाचा आहे आणि वापरला की माझ्यासमोर येऊन पडतो, आणि त्या आत्म्याने जे मागितलं ते फिटेपर्यंत तिथेच राहतो. तोवर त्याच्याकडून दुसरं काही मागता येत नाही. बाकी सेशनभर मी त्याबद्दल काही बोलत नाही, प्लेयर मात्र सारखे त्या लाल फाशाकडे बघत असतात.

प्रश्न: आमच्यात जादूगार असलेला प्लेयर सगळंच सोडवून टाकतो. कुलूप असेल तर मंत्र, दरी असेल तर मंत्र, पहारेकरी असेल तरी मंत्र. तलवारवाली मैत्रीण कंटाळून यायचीच बंद झाली.

पन्नास वर्षांचं जुनं दुखणं आहे हे. १९७४ च्या मूळ नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र होता, एक टाकला की मग दिवसभर काठी टेकत फिरायचं, पण लेव्हल वाढली की तोच सगळ्यांच्या डोक्यावर बसायचा.

मंत्रांची ताकद कमी करू नका, त्याला वाटेल शिक्षा केली. मंत्र सावकाश आणि ठळक करा. प्रत्येक मंत्राला दोन्ही हात मोकळे लागतात, पंधरा श्वास लागतात, मोठ्याने म्हणावा लागतो, आणि आजूबाजूच्या प्रत्येक आत्म्याला तो ऐकू जातो. मग ते पंधरा श्वास दार धरून उभं कोण राहणार? तलवारवाली. तिला फोन करून सांगा की पुढच्या वेळी तिच्याशिवाय चालणार नाहीये, आणि खरंच चालू देऊ नका.

प्रश्न: मी तीस प्रकारचे आत्मे लिहिलेत, प्रत्येकाचे हिट पॉइंट (म्हणजे किती मार खाऊन मरतो तो आकडा), हल्ले, कमजोरी सगळं आहे. पण खेळताना ते भुतांसारखे वाटतच नाहीत, पांढऱ्या रंगाचे लांडगे वाटतात. प्लेयर येतात, मारतात, पुढे जातात.

'पांढऱ्या रंगाचे लांडगे' हे मी आता कायम वापरणार आहे, परवानगी न घेता.

लांडगा का वाटतो? कारण त्याला फक्त तुम्हाला खायचंय. त्याच्याशी करायला एकच गोष्ट आहे. आत्म्याला काहीतरी हवं असतं, आणि ते बऱ्याचदा इतकं साधं असतं की द्यायला काहीच हरकत नसते, फक्त दिल्यावर काय होईल ते माहीत नसतं. हिट पॉइंट खोडून टाका, निदान पहिले चार महिने. एका कार्डावर एवढंच लिहा: तो आहे हे कशावरून कळतं, त्याला काय हवंय, तो काय देऊ शकतो, कशाला धरून बसलाय, आणि कुणीच लक्ष दिलं नाही तर पौर्णिमेपर्यंत काय होईल. कार्डाच्या एका बाजूत मावलं पाहिजे, मागे लिहायला लागलात की परत साठ पानं.

एक कार्ड सविस्तर सांगते, माझ्या टेबलावर झालेलं.

दगडी पूल. तो बांधताना एक गवंडी पडून मेला, त्याचं नाव कोरंग. कशावरून कळतं: पुलाच्या मधोमध आलं की आपलं स्वतःचं नाव क्षणभर आठवत नाही. काय हवंय: पुलावर त्याचं नाव कोरलंय पण चुकीचं कोरलंय, 'कोरग', अनुस्वार राहिलाय. तीनशे वर्षं येणारे-जाणारे त्याला चुकीच्या नावाने हाक मारतायत. एवढंच. कुणाचा जीव नको, रक्त नको, त्याला त्याचा टिंब हवाय.

प्लेयरना हे कळायला दोन सेशन लागली. आधी त्यांनी पुलाखाली राक्षस शोधला, मग जादूगाराने एक मंत्र वाया घालवला, मग एकीने सहज विचारलं की नाव कुणाचं कोरलंय, मी कागदावर जसंच्या तसं लिहून दाखवलं, 'कोरग', आणि गावातली म्हातारी त्याच्या घराण्याबद्दल बोलताना 'कोरंग' म्हणाली. टेबलावर एकदम शांतता. मग लोहाराकडून छिन्नी आणली, रात्री पुलावर जाऊन त्यांच्यातल्या चोर असलेल्या कॅरेक्टरने अनुस्वार कोरला, फासे टाकायला लावले मी, ९ आले, म्हणजे काम झालं पण किंमत आहे.

किंमत कार्डावर आधीच लिहिलेली होती, 'कशाला धरून बसलाय' या ओळीत. तो पूल त्यानेच धरून ठेवला होता. तीनशे वर्षं, हाताने. नाव मिळालं, समाधान झालं, तो सुटला, आणि पहाटे पुलाची पहिली कमान करकरायला लागली. पलीकडे बाजाराला गेलेलं अख्खं गाव होतं. पुढची तीन सेशन मला काही तयारीच करावी लागली नाही, ते आपापसात भांडत होते की चांगलं केलं की वाईट.

म्हणून 'कशाला धरून बसलाय' ही ओळ गाळू नका, तिच्याशिवाय आत्मा म्हणजे नुसतं कामाचं चिठोरं, नेऊन द्या आणि बक्षीस घ्या. आणि तीस लिहिलेत ना, त्यातले पाच ठेवा. पाचही एकमेकांना ओळखत असतील असं बघा, त्यांच्यात जुनी उसनवारी असेल, एकाला दुसऱ्याचा हेवा वाटत असेल.

प्रश्न: आमच्यातल्या एका मैत्रिणीचे वडील नुकतेच गेले. कॅम्पेन भुतांचं आहे. तिला सांगू की गेम बदलू?

तिलाच विचारा, पण सगळ्यांसमोर नको आणि सेशनच्या दिवशी तर नकोच. काही जणांना अशा वेळी मेलेल्यांशी बोलणारी गोष्ट हवीशी वाटते, काही जणांना अजिबात नाही, आपण तिच्या वतीने ठरवायचं नाही. सुरू करण्याआधी सगळ्यांनी बसून कुठले विषय नकोत ते एकदा बोलून घ्या, याला सेशन झिरो म्हणतात. आणि टेबलाच्या मधोमध फुली मारलेलं एक कार्ड ठेवा, कुणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. तेव्हाही नाही आणि नंतर घरी जातानाही नाही. आमच्याकडे वर्षात दोनदा लागलं असेल ते कार्ड, पण ते समोर आहे म्हणून लोक जास्त मोकळेपणाने घाबरतात, हे मी बघितलंय.

प्रश्न: फॅन्टसी नावं कशी बनवायची? माझ्या खलनायकाचं नाव ख्झार्थ्नॉक आहे पण सगळे त्याला 'तो खोकलेवाला' म्हणतात.

मग तेच त्याचं नाव आहे, झालं बारसं! अहो, जे नाव तीनदा भराभर म्हणता येत नाही ते टेबलावर टिकत नाही. जोडाक्षर एकच ठेवा, शक्यतो सुरुवातीला नको. नाव कागदावर बघून ठरवू नका, मोठ्याने हाक मारून बघा, जसं कुणी घाबरून अंधारात मारेल. एका प्रदेशातल्या नावांचा शेवट सारखा ठेवा, म्हणजे 'कोरंग', 'भिलंग', 'तुरंग' ऐकल्यावर नवीन माणूस कुठला ते न सांगता कळतं. आणि खोकलेवाल्याला खरंच खोकला द्या, कधीपासून आणि कशामुळे ते नंतर सुचेल.

प्रश्न: माझं सेटिंग, म्हणजे गेमसाठी रचलेलं जग, छापायचं आहे, पण नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्सचेच वापरलेत. चालेल का?

त्यांच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमांचा एक भाग, ज्याला एसआरडी ५.१ म्हणतात, तो जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० लायसन्सखाली मोकळा केलाय. म्हणजे त्यात जे आहे ते वापरा, विकलंत तरी चालेल, श्रेय मात्र सांगितलंय तशा शब्दांत द्यायला लागतं. पण त्या दस्तऐवजात जे नाही, म्हणजे त्यांची गाजलेली जगं, तिथली माणसं, काही खास राक्षस, ते यात धरलेलं नाही, आणि त्यांचा लोगो तर नाहीच नाही. छापायच्या आधी एसआरडी उघडून तुमचा एकेक मंत्र आणि राक्षस त्यात आहे का ते शोधून बघा, कंटाळवाणं काम आहे, एका संध्याकाळचं.

प्रश्न: सहा महिने चालेल असं कॅम्पेन लिहिलं होतं, डोंगरावरचा मुख्य आत्मा शेवटी भेटणार होता. प्लेयरनी पहिल्याच सेशनला नशिबाने त्याला संपवला, लागोपाठ दोनदा १२ पडले. आता?

आता मजा येणार आहे. फासे परत टाकायला लावले नाहीत ना? चांगलं केलंत.

डोंगरावरची जागा रिकामी झालीये. इतकी वर्षं तो तिथे बसून काय करत होता ते तुम्हाला सहा महिन्यांसाठी लिहिलेल्या कागदांत सापडेलच, कुणाला तरी अडवत होता, कुणाकडून तरी काही घेत होता, कुणाला तरी काही देत होता. ते सगळं उद्या सकाळपासून बंद. झऱ्याचं पाणी थांबेल, किंवा थांबायचं ते थांबणार नाही. आणि रिकाम्या जागेवर बसायला इच्छुक असतातच. पुढच्या सेशनच्या आधी तीन नावांची यादी करा. पहिलं, ज्याला ती जागा कधीपासून हवी होती. दुसरं, ज्याला अजिबात नको आहे पण गाव बळजबरीने बसवणार आहे. तिसऱ्या नावाच्या जागी, ज्याने शेवटचा घाव घातला त्या प्लेयरच्या कॅरेक्टरचं नाव लिहा, आणि त्याला रात्री डोंगर हाक मारतोय एवढंच सांगा.